ज्याच्यापाशी नाही त्याचा बाण

माझ्या केमिस्ट्रीचं एवढं कौतुक करता, तर खरं काय ते ऐका. बी.एस्सी.ची परीक्षा महिन्यावर आली होती. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये बसून मी बहिणीच्या पाटीवर एकाच रासायनिक अभिक्रियेचं मेकॅनिझम, म्हणजे ती कशी घडते त्याची आकृती, पुन्हा पुन्हा काढत होतो. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या आईनं विचारलं, "हे बाण कायचे रे?"

"इलेक्ट्रॉन कुठून कुठी जाते, त्याचे. दोन ठिपके म्हणजे याच्यापाशी हायेत. अधिकचं चिन्ह म्हणजे याले कमी हायेत."

"मंग बाण कमीवाल्याकून काऊन निघून राह्यला? ज्याच्या घरी साखर नाई, थो शेजाऱ्याले वाटी भरून देईन काय?"

मी चिडलो. "सरांनीच फळ्यावर असा काढला, आई!"

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला कॉलेजात सरांनी पुन्हा तसाच बाण काढला, तेव्हा मी भीत भीत साखरेची वाटी सांगितली.  सरांनी बाण पुसून उलटा काढला आणि विचारलं, "कोणत्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात नाई सर. आई म्हणते."

घरी येऊन सांगितलं. वाटलं, आई खूश होईल. सुपातला खडा फेकत ती म्हणाली, "हे तं मले घरीच समजलं. मंग तुले रोज चंद्रपूरले कायले पाठवून राह्यलो आम्ही?"