मुळामागचा बॉल

जोलीन : ...आणि बिल्ला कुठाय तुझा?

वर्लिन : काढला.

जोलीन : काढला? पोरीचा फोटो असलेला बिल्ला? टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या पोरींच्या आईबापांनाच मिळतो म्हणून चार वर्षं जीव टाकत होतास. सकाळी अंघोळीआधीच शर्टाला लावून बसला होतास, वर्लिन ओल्टमन्स!

वर्लिन : जोलीन, तू जा आत. मी इथंच ट्रकमध्ये बसतो.

जोलीन : आत सगळी टीम जेवायला थांबलीये. कोचबाईंनी दोनदा विचारलं, ब्रिटाचे बाबा कधी बोलणार? मारीट्झच्या बापानं आपल्या पोरीबद्दल उभं राहून बोलून, रडूनसुद्धा घेतलं. आता तुझीच पाळी आहे.

वर्लिन : पोट बिघडलंय म्हणून सांग.

जोलीन : दुपारी दोन सँडविच हाणलीस तेव्हा बरं होतं पोट! गोल्फच्या एका फटक्यानं चषक गेला म्हणून एवढं तोंड पाडायचं? अरे, पोरी रडून मोकळ्या झाल्या, पुन्हा खिदळायलाही लागल्या.

वर्लिन : चषकाचं नाही गं.

जोलीन : मग कशाचं?

वर्लिन : बॉल मी हलवला.

जोलीन : कुठला बॉल?

वर्लिन : शेवटच्या होलचा. झाडीत गेला, आपण सगळे शोधत होतो बघ. तो मला सापडला. सीडरच्या झाडाच्या मुळामागे, मुळाला अगदी चिकटून. तिथनं नुसता आडवा बाहेर काढता आला असता, पुढे मारणं शक्यच नव्हतं. मी बुटाच्या टोकानं... वीतभर. आणि मग ओरडलो, सापडला म्हणून.

जोलीन : अरे देवा. आणि मी तिकडे मिरवतेय, बघा, माझ्याच नवऱ्याची नजर कशी तेज!

वर्लिन : चार वर्षं, जोलीन. पाच पोरी खेळणार, सगळ्यात कमी फटक्यांचे चार आकडे टीमसाठी धरणार, आणि सोडून दिलेला पाचवा आकडा दरवेळी आपल्या पोरीचा. तरी मी गावात धान्याच्या कोठारावर जो भेटेल त्याला सांगत सुटायचो, ब्रिटा अशी खेळली, ब्रिटा तशी खेळली. आज पहिल्यांदा तिच्या आकड्यावर चषक ठरणार होता. मला वाटलं, एकदा तरी...

जोलीन : एकदा तरी काय? पोरीला लबाड ठरवावं?

वर्लिन : म्हणून तर म्हणतोय, जा तू.

जोलीन : थांब थांब. तिनं पंचांना हाक मारली, बॉल उचलून मागे नेऊन ठेवला... म्हणजे तिला कळलं होतं?

वर्लिन : वाळलेल्या पाल्यात बॉलची खळी दिसत होती. तिनं खळीकडे बघितलं. मग माझ्या बुटाकडे. तोंडाकडे नाही बघितलं. तिथंच मेलो मी.

जोलीन : मेला असतास तर बरं झालं असतं. इतकी लाज मलाच वाटायला लागलीये, तर तुझं काय होत असेल... ती बघ, येतेय इकडेच. मी जाते. तुमचं तुम्ही निस्तरा.

ब्रिटा : सरक, बसू दे मला. आई काय म्हणाली?

वर्लिन : मेलो असतो तर बरं, म्हणाली.

ब्रिटा : म्हणजे सांगितलंस तिला.

वर्लिन : तू पंचांना काय सांगितलंस?

ब्रिटा : बघणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय लागलाय, बॉल होता तिथं परत ठेवते.

वर्लिन : एवढंच?

ब्रिटा : त्यांनी विचारलं, मुद्दाम केलं का कुणी? मी म्हटलं, छे, चुकून.

वर्लिन : ब्रिटा...

ब्रिटा : सात वर्षांची होते तेव्हापासून खेळतेय, बाबा. गवतात बॉल नखभर हलला, कुणी बघितलं नाही, तरी हात वर करून सांगितलंय. तूच शिकवलंस. खेळताना आजवर एक शब्द खोटा बोलले नव्हते. तो आज शेवटच्या होलला बोलले.

वर्लिन : माझ्यासाठी.

ब्रिटा : मग काय, कोचबाईंच्या कुत्र्यासाठी?

वर्लिन : माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नाही मला.

ब्रिटा : नकोच म्हणूस. आणि मला राग कशाचा आला, सांगू? तुला वाटलं, मुळामागनं हिला जमायचं नाही.

वर्लिन : जमलं असतं?

ब्रिटा : कुठलं जमतंय! फटका वाया गेलाच ना. पण तो माझा होता, बाबा. चार वर्षं माझे सगळे वाईट फटके तू उन्हातान्हात मागनं चालत बघितलेस. आणखी एक बघितला असतास.

वर्लिन : पोरींना कळलंय?

ब्रिटा : नाही. कुठल्या गाढवानं पाय मारला म्हणून शिव्या घालतायत.

वर्लिन : बरोबर घालतायत.

ब्रिटा : चल आता. ती खिडकीची गोष्ट सांग. मी खेळायला लागले त्या पहिल्याच दिवशी पास्टरांच्या स्वयंपाकघराची काच फोडली ती. सगळे हसतील, संपलं.

वर्लिन : आणि ते पंचांना सांगितलेलं खोटं?

ब्रिटा : ते राहू दे.

वर्लिन : तुझ्या नावावर?

ब्रिटा : राहू दे म्हटलं ना! बिल्ला लाव. आत दालचिनीचे गोड रोल संपतील, मग मला म्हणू नकोस.

(जेवणाचा हॉल. वर्लिन बोलायला उभा राहतो.)

वर्लिन : मी ब्रिटाचा बाप. मला बोलायची सवय नाही. म्हणजे बढाया मारायची आहे, खूप आहे. आमच्या गावात विचारा कुणालाही. आज एका खिडकीची गोष्ट सांगणार होतो...

ब्रिटा : सांग ना, बाबा.

वर्लिन : नाही. ती पुन्हा कधी. पोरींनो, तुम्ही दुपारपासून ज्या गाढवाला शिव्या घालताय, तो मी. ब्रिटा पंचांना म्हणाली, चुकून पाय लागला. चुकून नव्हता लागला. मी मुद्दाम लावला. मला वाटलं, बाप म्हणून मदत करतोय. तुमच्याएवढ्या मुलींसमोर उभं राहून हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण खेळताना माझी पोरगी एकदाच खोटं बोलली, तेही माझी लाज झाकायला. ते तिच्या नावावर राहायला नको. ते माझं आहे. आणि ही पोरगी... ही माझी आहे, याचा मला... जोलीन, पुढचं येईना गं.

जोलीन : कळलं सगळ्यांना. बस खाली.

ब्रिटा : बाबा.

वर्लिन : काय गं?

ब्रिटा : बिल्ला उलटा लावलायस. खाली डोकं वर पाय झालेत माझे. ये इकडे.