किल्ली टेबलावर

नाही काकू, आत नका येऊ, लॉकडाऊनचा नियम आहे — म्हणजे तुम्ही आलात तर कोणी पोलीस पकडायला येणार नाही, पण मागच्या रविवारी मराठी मंडळाच्या झूमवर तुम्हीच सगळे नियम वाचून दाखवले होतेत ना, मग तिथे कुंपणाच्या भिंतीवर बसा, मी इथे पायरीवर बसते. चकल्या ठेवा मधे. आई नाहीये घरी. कालव्यावर चालायला गेलीये, रोज जाते, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे बंदी ना, तेवढे भरले की वळते. घड्याळात बघून वळते, एक पाऊल पुढे नाही. बाबा सामान आणायला गेलेत. म्हणजे मीच आहे, आणि तुम्हाला बोलायचंय पण माझ्याशीच, नाहीतर दिवाळीशिवाय तुमच्या चकल्या घराबाहेर पडत नाहीत. विचारा की. ओंगारमधलं प्रत्येक मराठी घर विचारतंय, तुम्ही निदान समोर येऊन विचारताय.

नाही. कोणी नाही. मुलगा नाहीच आहे, काकू. — डोनल? डोनल माझ्याबरोबर मेनूथच्या कॉलेजात होता, तिकडे गावाकडे, ऑफलीला त्याच्या वडिलांच्या ऐंशी गाई आहेत, आणि तो माझ्यासाठी रडेल त्याच्या आधी एखाद्या गाईसाठी रडेल. तो गिटार वाजवतो, मी लिहिते आणि गाते. गेल्या मार्चपासून आम्ही समोरासमोर तीनदा भेटलोय, त्यातही एकदा तो मास्कमुळे मला ओळखूच आला नाही. पण तुमचं गणित ठरलेलं — गाण्यात कोणीतरी कोणालातरी सोडून जातंय, म्हणजे गाणाऱ्या मुलीला कोणीतरी सोडलेलं असणार. खुनावर गोष्ट लिहिली असती तर मागच्या अंगणात खणायला आला असतात का सगळे?

आणि कुठे केलं गाणं, माहितीये? हॉट प्रेसमध्ये. हसा, हसा. वरच्या मजल्यावरचं ते कपाट हो, गरम पाण्याच्या टाकीचं, टॉवेल-चादरी ऊबदार ठेवायचं. तुमच्याकडेही असणार आणि तुम्हीही त्यात दही लावत असणार, इथल्या सगळ्या मराठी बायका लावतात. आवाज घुमत नाही त्यात, चादरी शोषून घेतात, दार लावलं की एकदम स्टुडिओ. मी दह्याच्या पातेल्याशेजारी उकिडवी बसून गायलेय ते अख्खं गाणं. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज फाटल्यासारखा येतो ना, रेडिओवाला म्हणाला किती वेदना आहे या पोरीच्या गळ्यात — वेदना कसली, पाय झोपला होता माझा.

कंट्री म्युझिकच का? कारण डोनलकडे तेच वाजवतात, लग्नात, पबमध्ये, गाईंच्या गोठ्यात. मला आधी हसू यायचं. सगळे आपले सतत कुठेतरी निघालेले — हायवे, ट्रक, मागे उडणारी धूळ — आणि मी कुठे, तर आईबापांच्या घरात, तेवीस वर्षांची, पदवीचा समारंभ लॅपटॉपवर, सरकारने वर्तुळ काढून दिलेलं पाच किलोमीटरचं, त्यात एक सुपरमार्केट, एक कालवा आणि तुम्ही सगळे. पण मग मला कळलं की हे संगीत निघालेल्या माणसांचं नाहीच, निघायचंय पण निघता येत नाही अशांचं आहे. चाल झाली माझी दोन दिवसांत. शब्द नव्हते. काहीही लिहिलं की खोटं वाटायचं, कारण मला कोणी सोडलंच नव्हतं. मग शब्द मिळाले. मिळाले म्हणजे — सुचले. तेच ते.

तुम्ही ऐकलंयत ना नीट, की नुसतं फॉरवर्ड केलंत? एक बाई आहे. घरासमोर उभ्या गाडीत बसते, पट्टा लावते, गाडी सुरू करत नाही. अर्धा तास तशीच बसते, पट्टा काढते, घरात जाते. आणि धृपद — किल्ली टेबलावर ठेवीन, चिठ्ठी लिहिणार नाही, घर शांत झालं की तुला कळेल. बस, एवढंच. इंग्रजीत जरा बरं यमक आहे.

डोनलच्या आईने त्यांच्याकडच्या लोकल रेडिओला पाठवलं, आम्हाला न विचारता. दुपारी त्यांच्याकडे आधी मरणाच्या बातम्या देतात, कोण गेलं, कुठल्या गावचं, आणि मग लगेच फर्माईशी. त्या फर्माईशींत लागलं आमचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वृद्धाश्रमांमधून फोन यायला लागले, काकू, नव्वद-नव्वद वर्षांच्या बायका — त्या किल्लीवालीचं लावा म्हणून. एक म्हातारा लेट्रिमहून बोलला, त्याची बायको फेब्रुवारीत गेली, चर्चमध्ये फक्त दहा माणसं, तर म्हणाला तिची किल्ली टेबलावरच आहे, मी उचलत नाही. तेव्हा मी हॉट प्रेसमध्ये जाऊन बसले परत. दार लावून. मला वाटलं मी कोणाचं तरी काहीतरी चोरलंय आणि ते आता सगळीकडे वाटलं जातंय.

आणि वाटणारे कोण, तर आमचे बाबा. तुम्हाला कोणी पाठवलं? बरोबर. त्यांनी पुण्याला पाठवलं, ऑफिसात पाठवलं, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅचला पाठवलं. गाडीत तेच. दाढी करताना तेच, आणि चाल चुकवून. शंभरदा ऐकलं असेल त्यांनी, काकू, शब्दन् शब्द पाठ आहे, आणि — काही नाही. म्हणजे कौतुक आहे त्यांना. मला म्हणाले, कीर्ती, त्या बाईचा नवरा अगदी ठोंब्या दाखवलायस बघ.

आईने एकदाच ऐकलं. बाबांनी स्पीकरवर लावलं होतं, ती भाजी परतत होती. तिने गॅस बारीक केला, पूर्ण ऐकलं, मग पुन्हा मोठा केला. रात्री भांडी पुसताना मला म्हणाली, इंग्रजीत बरं वाटतं गं ऐकायला. एवढंच.

— काय? चैतन्य? तुमचा भाचा, तो डून लेरीवाला? अच्छा, म्हणजे चकल्या त्यासाठी आहेत. समुद्र दिसतो त्याच्या खिडकीतून, हो, मागेही सांगितलंत. नाही काकू, मी सावरत नाहीये, मी पडलेच नव्हते. कोण म्हणालं सावरतेय? — हो, माहितीये मला कोण म्हणालं. आई म्हणाली. झूमवर तुम्ही सगळ्यांनी धरलं तिला, नीलिमा तुझं मुलीकडे लक्ष नाही, नीलिमा कोण होता तो, आणि तिने शांतपणे सांगितलं की हो, जरा धक्का बसलाय तिला, सावरेल. मी शेजारच्या खोलीत होते. माझा एक अख्खा प्रियकर तयार केला तिने, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मोडूनही टाकला. मला विचारलं नाही. आणि मी काही बोलू शकले नाही, कारण बोलले असते तर —

बोलले असते तर काय, काही नाही. तुम्ही चकली खा.

नाही पण खरंच, तुम्हाला राग नाही येत का? तुमची सगळी पिढी बसलीये माझं हृदय कोणी मोडलं ते शोधत, आणि मोडलेलं जे आहे ते तुमच्यासमोर दर रविवारी झूमच्या चौकटीत बसतं, साडी नेसून, आवाज बंद करून. दिसत नाही तुम्हाला. लक्ष नाही म्हणे तिचं. आमच्या फ्रीजवर एक कागद आहे, काकू, बाबांच्या अक्षरात. मिक्सरचं वेळापत्रक. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी एक ते दीड. बाकी वेळ त्यांच्या मीटिंगा असतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण तिथे उजेड चांगला येतो. ते टेबल आईचं होतं. तिची फराळाची ऑर्डर, मोदक, चटण्या, डॉक्टर मंडळींचे डबे — बारा वर्षं जमवलेलं काम, गेल्या एप्रिलमध्ये बंद. ते म्हणाले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. नाशिकला शाळेत गणित शिकवायची ती. इथे आली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावरच्या बायकांना सहजी काम करता यायचं नाही, तेव्हाही थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. ते मारत नाहीत, ओरडत नाहीत, अगदी ग्रँड माणूस आहे, कोणालाही विचारा. त्यांना फक्त ऐकू येत नाही. म्हणून ती गाडीत जाऊन बसते. हो, आमच्याच गाडीत, इथेच, तुम्ही बसलायत त्या भिंतीपाशी लागते. पट्टा लावून. तुम्ही दोनदा तिला हात करून गेलायत ह्या रस्त्याने, मी वरून बघितलंय.

आणि मी नुसती चाल गुणगुणून रेकॉर्ड करत होते हॉट प्रेसमध्ये, त्याच्या पलीकडे त्यांची बेडरूम. भिंत पुठ्ठ्याची, ह्या घरांच्या सगळ्या भिंती पुठ्ठ्याच्या. नंतर हेडफोन लावून ऐकलं तर माझ्या गुणगुणण्याच्या मागे आई. विभावरी मावशीशी फोनवर. म्हणत होती, हे पाच किलोमीटर उठले की मी जाणार बघ विभा. किल्ली टेबलावर ठेवीन. चिठ्ठी वगैरे काही नाही. मिक्सर वाजला नाही की कळेल त्यांना.

मिक्सर डोनलने काढायला लावला. म्हणाला, गाण्यात बसत नाही.

मी तिला विचारायला हवं होतं, माहितीये मला. तुमच्यासारखंच केलं मी, दाराला कान लावला आणि गावभर केलं. पण मला वाटलं, ते ऐकतील. बाबा. रेडिओवर, त्यांच्या लाडक्या लेकीच्या आवाजात, चाल लावून — निदान तसं तरी ऐकतील आणि एकदा तिच्याकडे बघतील. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं, काकू. आणि थांबवायचंही नव्हतं. शंभर वेळा ऐकलं त्यांनी. परवा हॉट प्रेसमध्ये चादरी हलवल्या तर मागे तिची निळी बॅग. भरलेली. गणिताची जुनी पुस्तकं पण आहेत. सोमवारी उठतायत ते पाच किलोमीटर, तिने खोली बघितलीये, डार्ट लोकलच्या —

कुठे ते नाही सांगणार.

मी काय बोलून बसले.

काकू, मास्क नीट करा. नाही, म्हणजे — माझ्याकडे बघा. आज शुक्रवार आहे. शनिवार, रविवार, दोन दिवस. रविवारी झूम आहे. तुम्ही काही बोलणार नाही. मुलगा होता. डोनलच होता, हवं तर, गाईवाला, ख्रिश्चन, दारू पितो, लिहून घ्या, सगळ्यांना सांगा, फोन करून सांगा. चैतन्यलाही भेटते मी, समुद्र बघते, तुम्ही म्हणाल तो ड्रेस घालते. माझं हृदय मोडलंय, अगदी चक्काचूर झालंय, जेवण जात नाही. फक्त हे दोन दिवस.

तुम्ही का डोळे पुसताय? — तुमच्याकडे? फ्रीजवर कागद नाही? लिहिलेलं नाही, पण वेळापत्रक आहे. बरं. बरं, काकू. मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोललाच नाहीत, चकल्या बोलायच्या फक्त. थांबा, टिश्यू देते — नाही, थांबा, हलू नका.

ऐकलंत? कोपऱ्यावर. हो, तेच गाणं, काचा खाली करून, सगळ्या कॉलनीला ऐकवत. चाल चुकवतायत बघा, धृपदाला नेहमी वर जातात. आता बाबा थांबतील, तुम्हाला विचारतील, सुलक्षणावहिनी, ऐकलंत का आमच्या लेकीचं. ऐकलं म्हणा. छान आहे म्हणा, आणि निघा, घरी जा लगेच, चकल्यांच्या पिशवीसाठी थांबू नका.

हसा, काकू. मास्क असला म्हणून काय झालं, डोळ्यांवरून कळतं. हसा.