लांडग्याचा माणूस केला तेव्हा

सिनेमाचं मला काय सांगता? निजामाच्या राज्यात आष्टीच्या बाजारात तंबूतला मुका सिनेमा लागायचा, तवा पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट मीच सांगायचो. एकदा माणसाचा लांडगा होतो, असा खेळ होता. लोक भीत बी होते अन् हसत बी होते. लांडगा झाला, अन् कळलं की शेवटचं रीळ मागच्या गावीच राहिलंय! लोक तंबू पाडायला उठले. पुढं बसलेल्या सखूमावशी मला म्हणल्या, “त्याची बायकू घरात वाट बघती हाय. आदी त्याला माणूस कर!”

मी मशीनवाल्याला ओरडलो, “हँडल उलटं फिरव बे!”

केस गेले, दात गेले, लांडग्याचा माणूस झाला अन् उलट्या पावली चालत घरात शिरला.

मावशी म्हणल्या, “पर ह्यो उलटा कावून चालतोय?”

म्हणलं, “लाजतोय मावशी. बायकूला कोणत्या तोंडानं सामोरा जाईल?”