पेनी कशी लख्ख हवी

नाही नाही, ती पेनी पांढरी आहे म्हणून चांदीची नव्हे — सगळे हेच विचारतात — ती पोलादाची. युद्धात तांबं तोफगोळ्यांना लागलं, म्हणून त्रेचाळीस साली असल्या पाडल्या. हे लोहचुंबक लावा — चिकटली की नाही? मिळतील किती? एखादा डोनट येईल. तोंड पाडू नका हो, इथे टोलेडोत पुष्कळांकडे असते एक. आणि ही हिरवी? ती कुणाच्या तरी तळघरात ओलीला पडलेली. दुर्मिळ नाही, आजारी म्हणा. सरकारने ही एका सेंटची पेनी पाडणं बंद केलं तेव्हापासून हेच चाललंय — जो तो बरणी काखोटीला मारून येतो, आणि जो तो दारातून आत शिरतानाच लखपती झालेला असतो. बसा तुम्ही. ऑर्विल, म्हणजे माझा नवरा, येतोच आहे बँकेतून. नाणी तो बघतो, मी नुसतं काउंटर सांभाळते — पण ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालंय.

तुमची ती आजोबांची पेनी, एकोणीसशे नऊची — ती मात्र खरी चीज हं. तुमचा फोन आला तेव्हा ऑर्विल उभा राहिला खुर्चीतून. घराच्या गळक्या छपराचं काम होईल म्हणालात ना त्यात? होईल की. न व्हायला काय झालं? ऑर्विल म्हणतो, किंमत असते ती त्या तपकिरी रंगाची — वर्षानुवर्षं चढतो म्हणे तो, घासला की गेला, मग गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही. ती बघा भिंतीवर पाटी, 'नाणी घासू नका'. आता तुम्हीच सांगा, मळाला कुणी पैसे देतं का? पाहुण्यांसमोर मी काळे चमचे मांडीन का? पुरुषांचा आळस आहे हा, दुसरं काही नाही.

म्हणून मी आपली शनिवारी, तो बोलिंगला गेला की एखाद-दुसरी काढते — थोडं केचप, जुना टूथब्रश — दाराच्या कडीसारखी चकचकीत. ऑर्विलला वाटतं, दमट हवेने रंग उडतोय. हवा कोरडी करायचं यंत्र आणलंय त्याने, ते काय, कोपऱ्यात घरघरतंय. मी बोलत नाही. त्याला यंत्राचं फार कौतुक आहे. मागच्या महिन्यात मात्र क्लीव्हलंडचा एक माणूस आमची सगळ्यात भारी पेनी बघून नुसती हॅट डोक्यावर घालून निघून गेला, आणि ऑर्विल रात्री जेवला नाही — तेव्हा मला जरा कसंसंच झालं. पण चमकत होती हो ती.

आता तुमचीच घ्या. ती इथे ठेवून तुम्ही गाडी नीट लावायला गेलात, तेवढ्यात म्हटलं, बिचारे छपरासाठी आलेत — अहो, पांढरे का पडलात? पाणी देऊ? — म्हटलं, निदान चारचौघांत नेण्यासारखी तरी दिसू दे. हात पुढे करा. बघा, लिंकनच्या दाढीचा केस न् केस दिसतोय. आभार कसले त्यात, मी कुणाचंही केलं असतं. तुम्ही आभार मानत नाही आहात का? असं नका ना बघू माझ्याकडे. तुम्हीही त्या क्लीव्हलंडवाल्यासारखेच बघताय अगदी.

अरे देवा. म्हणजे ते पाटीवरचं खरं असतं होय?

ऑर्विलची गाडी लागली मागच्या दाराशी. पटकन ऐका — आज हवा दमट आहे. आहे की नाही? म्हणा ना आहे. ये रे ऑर्विल. काही नाही, हे गृहस्थ आलेत, छपराबद्दल बोलत होतो. तू आधी ते यंत्र मोठं कर बघू.