बारा बटाटे

नागेंद्र: अभ्या, एक बटाटा दे.

अभिनंदन: आत्ता? अजून दोन वळणं जाऊ की. तिथं सावली हाय.

नागेंद्र: सावलीत बसाय आलोय व्हय मी? तू शेजारी ये, हात पुढं कर, चालत्या सायकलवर घेतो. मांड्या थरथराय लागल्यात.

सोनल: दादा, सांग आता त्यांना.

नागेंद्र: काय सांग? सोनल, तुझ्या भावाला काय सांगायचंय मला?

अभिनंदन: काय न्हाय रं. आधी दम घे, मग बोलू.

नागेंद्र: दमच तर उरला न्हाय. पहाटे अनगोळातनं निघताना तुझ्या हँडलच्या पिशवीत बारा बटाटे घातलेत मी. रचना माहेरी गेलीया गुंजीला. चार वाजता उठून मी उकडलेत, सोललेत, मीठ लावलंय. काढ त्यातला एक.

अभिनंदन: बटाटे न्हाईत, नागू.

नागेंद्र: न्हाईत म्हंजे?

अभिनंदन: म्हंजे कसं झालं, जांबोटीत तू चाकात हवा भरत होतास न्हवं, तवा तिथं एक गाय आलती.

नागेंद्र: आलती. मग?

अभिनंदन: भुकेली होती.

नागेंद्र: बाराच्या बारा?

सोनल: बाराच्या बारा, अण्णा. मी बघत होते. शेवटचा खाताना तिलाही जड गेला.

नागेंद्र: तू बघत होतीस, आणि गप्प बसलीस?

सोनल: मी कालच म्हटलंवतं दादाला, फोन कर, नागूअण्णांना सांगून टाक. हा म्हणतो, समोरासमोर सांगतो. पहाटे समोर आला आणि हसत पिशवी पुढं केली.

नागेंद्र: काय सांगायचं होतं ते तरी कळू दे कुणीतरी. चढ चालू हाय, मला सगळं एका दमात ऐकता येईना.

अभिनंदन: आषाढात निपाणीला मुनिमहाराज आलते. त्यांच्यापुढं नियम घेतला. चातुर्मासभर कंदमूळ खायचं न्हाय, आणि आपल्या हातानं कुणाला खायला द्यायचं न्हाय.

नागेंद्र: तू? कोल्हापुरात मिसळीतला बटाटा आधी उचलणारा तू?

अभिनंदन: म्हणूनच घेतला. आई लई वर्षं म्हणत होती.

नागेंद्र: मग मला का न्हाय सांगितलंस? आषाढ जाऊन किती महिने झाले?

अभिनंदन: पावसाळाभर आपली राईडच कुठं झाली? आजची पहिलीच.

नागेंद्र: पहिली न्हवं. शेवटची. माझी तरी.

अभिनंदन: तसं बोलू नको रं.

नागेंद्र: मी न्हाय, डॉक्टर बोललाय. येत्या गुरुवारी गुडघा उघडणार. त्याच्यानंतर घाट विसरा म्हणाला, सायकल सपाटीला फिरवा, भाजी आणा. नऊ वर्षांत चार वेळा ह्या चोर्ल्याच्या घाटात आलो आणि चारी वेळा मधी कुठंतरी पाय टेकला. आज खालपासनं वरपर्यंत एकदा न टेकता जायचं होतं. एवढंच मागितलं मी. आणि तू माझं खाणं गाईला घातलंस.

अभिनंदन: कणकुंबीत केळी घेऊन तुझ्यासाठी ठेवणार होतो. दुकान बंद निघालं.

नागेंद्र: मग कणकुंबीत तरी तोंड उघडायचं. घाट उतरून खाली गेलो, खाली दोन हॉटेलं होती. पोटभर खाल्लं असतं मी. तिथंबी गप्प.

अभिनंदन: तू लई खूश होतास. दोन वेळा गाणं म्हणलास. तुझा मूड घालवू वाटंना.

नागेंद्र: आता गेला न्हाय व्हय मूड?

सोनल: साकु. पुरे आता, दोघंही. शाळेत सातवीच्या वर्गात मी यापेक्षा शहाणी भांडणं सोडवते. अण्णा, तुमचं हँडल लटपटतंय.

नागेंद्र: लटपटंल न्हाय तर काय. डोळ्यापुढं काळं येतंय. सोनल, तुझ्याकडं काय हाय का खायला?

सोनल: दोन खजूर होते, खाली उतरतानाच संपले. मला तरी काय माहीत, दादा केळ्यांच्या भरवशावर आहे ते.

अभिनंदन: नागू, ऐक. पुढच्या वळणावर गाड्या लावायला मोकळी जागा हाय, सपाट हाय. तिथं उतर, बस. मी वरनं, माथ्यावरच्या खाण्याच्या हातगाडीवरनं काहीतरी आणतो.

नागेंद्र: उतर म्हणू नको.

अभिनंदन: पडशील मर्दा.

नागेंद्र: पडलो तर पडलो. उतरणार न्हाय. सपाट हाय म्हणालास न्हवं? तिथं गोल फिरत बसतो. तू ये जाऊन.

अभिनंदन: तीन किलोमीटर चढ हाय. जाऊन यायला अर्धा तास लागंल.

नागेंद्र: मग माझ्या शेजारी कशाला रेंगाळतोस?

सोनल: आलीच बघ ती मोकळी जागा. जा दादा. मी थांबते यांच्यापाशी.

अभिनंदन: चाललो. लई जोरात फिरू नको.

नागेंद्र: गेला. बघ कसा चढतोय, घोरपडीगत. राग आला तरी त्याचं चढणं बघत ऱ्हावं वाटतंय.

सोनल: अण्णा, खरं सांगू? तो घाबरलाय. तुमचं ऑपरेशन झालं की रविवारी आपण कुणाबरोबर जायचं, असं परवा आईला विचारत होता. पन्नाशीला आलेला माणूस.

नागेंद्र: तवा आईला सांगतोय, मला न्हाय.

सोनल: तुम्ही तरी कुठं सांगता? ऑपरेशनची तारीख आम्हाला रचनावहिनींकडनं कळली.

नागेंद्र: ते वेगळं हाय.

सोनल: कसं वेगळं?

नागेंद्र: वेगळं हाय म्हणलं न्हवं. आणि तू एका जागी उभी ऱ्हा गं. तू हललीस की मला चक्कर येतीया.

सोनल: मी उभीच आहे, अण्णा. फिरताय तुम्ही.

(अर्धा तास होत आला. नागेंद्रच्या चाकाचं रिंगण मुरमावर चांगलं उमटलंय. चकरा मोजायचं त्यानं केव्हाच सोडलंय. मोजलं की भूक वाढते, अशी त्याची खात्री झालीय. वरच्या वळणावरून अभिनंदन उतरतो. त्याच्या एका हातात कागदाची पुडी आहे.)

अभिनंदन: आणलं. गरम हायत.

नागेंद्र: काय आणलंस?

अभिनंदन: वडे.

सोनल: दादा, वड्यात बटाटा असतो.

अभिनंदन: मला माहीत न्हाय व्हय? वर दुसरं काय न्हाय. केळी न्हाईत, पाव संपलेत, बिस्किटाची बरणी मोकळी. तीन वडे उरलेते.

नागेंद्र: आणि तू हातात धरून आलास.

अभिनंदन: नागू, जवळनं जा आणि हात पुढं कर. चालत्या सायकलवर देतो. पाय टेकाय नको.

नागेंद्र: तुझा नियम?

अभिनंदन: माझं मी बघतो. महाराजांपुढं परत जाईन, मोडला म्हणून सांगीन. प्रायश्चित्त देतील ते घेईन.

नागेंद्र: चातुर्मास संपायला किती दिवस राहिले?

सोनल: तीन आठवडे, अण्णा. आजपर्यंत एकदाही चुकला नाही तो. दादा, आण, मी देते त्यापेक्षा. पण मीसुद्धा त्याच दिवशी नियम घेतलाय.

अभिनंदन: तू मधी पडू नको. चूक माझी हाय. नागू, ये. ह्या चकरेला घे. हात लांब कर… अरं, पुढं गेलास की.

नागेंद्र: अभ्या, त्या गाईला कसं दिलंवतंस?

अभिनंदन: आता परत गाय कशाला काढतोस?

नागेंद्र: विचारलंय तेवढं सांग.

अभिनंदन: हातानं दिलं न्हाय. पिशवी दगडावर पालथी केली आणि मागं सरलो. ती आली, खाल्लं.

नागेंद्र: मग त्या कठड्यावर ठेव. कागदासकट. आणि मागं सर.

अभिनंदन: कठडा गटाराच्या पलीकडं हाय. सायकलवरनं हात पोचायचा न्हाय.

नागेंद्र: माहीत हाय. अर्धा तास त्याच्याकडंच बघत फिरलोय.

अभिनंदन: तुला उतराय लागंल, नागू.

नागेंद्र: ठेव म्हणतोय न्हवं.

सोनल: अण्णा, नको हो. आजच्यासाठीच तर एवढं सगळं…

नागेंद्र: ठेव, अभ्या. गार व्हायलेत.

अभिनंदन: ठेवलं.

नागेंद्र: मागं सर. अजून. गाईपासनं लांब गेलतास न्हवं, तेवढा जा. हां. आता दोघं तोंड तिकडं करा. कुणी बघत बसलं की माझ्या घशाखाली उतरत न्हाय.

अभिनंदन: पाचव्यांदा टेकलास, नागू. माझ्यामुळं.

नागेंद्र: आधीच्या चारी वेळा दमून टेकलावता.

अभिनंदन: आणि आज?

नागेंद्र: आज वड्यात मीठ कमी हाय.