उतारावरचं हिरवं

सून : हळू, बाबा. तो दगड हलतोय, काठी अलीकडे टेकवा.

सासरे : कंबर मोडल्यापासून वर आलो नव्हतो. आणि दाखवायला आणलंस काय, तर वाळलेलं गवत! उद्या गुरं बाजारात न्यायला गाडी येतेय. निरोप गोठ्यातच घेतला असता.

सून : वाका जरा... नको, राहू द्या. मीच विळ्यानं गवत बाजूला करते. हे बघा.

सासरे : हिरवंगार की! या दिवसांत? कसला पाला हा?

सून : स्टायलो. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा पेरलं. कडधान्याच्या जातीतलं, पण एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. गुरं आवडीनं चरतात.

सासरे : म्हणजे तू चुलीवर बी शिजवत होतीस, ते हे?

सून : शिजवत कुठे होते! गरम पाण्यातून काढलं. कवच कठीण असतं, त्याशिवाय धड उगवत नाही.

सासरे : मला वाटलं, सुनेचं डोकं फिरलं.

सून : मलाही वाटलं. कितीतरी दिवस बोटभरच होतं. तणात शोधत बसायचे.

सासरे : मग सोड की गुरं आत! पोटभर खाऊ देत.

सून : इतक्यात नाही. बी धरतंय. ते गळून पडलं की पुढच्या पावसात दाट होईल. यंदा अर्ध्या उतारावर वरवर कापायचं आणि गोठ्यात न्यायचं.

सासरे : कापणार कोण? दूध तू काढतेस, शेण तू काढतेस, मला उठवतेस-बसवतेस तू. म्हणून तर माझ्या लेकानं गाडी ठरवली. त्याला दाखवलंस हे?

सून : सांगितलं. म्हणाले, बाबा कबूल झालेत, आता त्यांचे कान भरू नकोस.

सासरे : तुझी ओढाताण बघवेना, म्हणून कबूल झालो गं.

सून : मला विचारलंत कधी?

सासरे : ...नाही. आता विचारतो. ठेवायची गुरं?

सून : ठेवायची.

सासरे : लाव त्याला फोन. (फोनवर) हॅलो, मी बोलतोय. उद्या गाडी नको पाठवूस... छे रे, ती कशाला कान भरेल? मीच नको म्हणतोय... कंबर आहे तिथेच आहे. बसून कापायला कंबर कशाला लागते?... बरं, ठेवतो.

सून : काय म्हणाले?

सासरे : चिडलाय. रविवारी येतो म्हणाला, येऊ दे. तो विळा दे इकडे, आणि कुठवर कापायचं ते दाखव.