आली की सांगायचं

...आणि वर टाळ्या! नाही, तुम्हीच सांगा, माणसानं सत्तरी ओलांडायची, सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून काढायची, म्हणजे साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, वकील बोलतायत, बोलतायत, आणि आपण पायाला पाय आवळून लिहितोय, असा ज्याचा लौकिक, त्या माणसानं आता बाथरूममधून बाहेर यायचं तर दारात दोन हात उंचीची एक बाई उभी, अंगात नुसता बनियन, आणि ती टाळ्या वाजवणार! ‘आबा, केली? शाब्बाश!’ केली म्हटलं. काय करतो!

ही माझी नात. अडीच वर्षांची. घरात तिला मुकादम म्हणतात, कारण स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्यांच्या कामावर तिचं लक्ष जास्त.

सुरुवात केली आमच्या सूनबाईनं. रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आजपासून डायपर बंद.’ एवढंच. चिरंजीवांनी पेपरमागून डोकं काढलं, ‘बंद म्हणजे... एकदम?’ ती म्हणाली, ‘मग काय, नोटीस देऊ?’ झालं. गालिचा गुंडाळून भिंतीला उभा, सोफ्यावर प्लॅस्टिक, आणि दिवाणखान्याच्या मधोमध, जिथं माझी आरामखुर्ची होती तिथं, बदकाच्या तोंडाची पिवळीधमक पॉटी! माझी खुर्ची? गॅलरीत. वाळत घातलेल्या चड्ड्यांखाली.

तुम्हाला सांगतो, त्या पॉटीचे जेवढे उपयोग मुकादमनं केले, तेवढे कारखान्यात कुणाला सुचले नसतील. डोक्यावर घालून झाली. बाहुलीला बसवून झालं. मग स्वतः बसली, गाणी म्हटली, पुस्तक उलटं धरून वाचलं, आम्ही तिघं समोर श्वास रोखून... आणि काही नाही! बाई उठल्या, शांतपणे पडद्यामागे गेल्या, आणि तिथं कार्यभाग उरकला.

मला वाटलं, आता सूनबाई ओरडणार. कुणीही ओरडेल! पण नाही. फडकं घेतलं, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, ‘झाली का? बरं. पुढच्या वेळी आली की सांगायचं. लाजायचं नाही.’ तासाभरानं सोफ्यामागे, ‘बरं. आली की सांगायचं.’ दुपारी माझ्या चपलेत... माझ्या चपलेत हो! ‘बरं. लाजायचं नाही.’ सोमवारी तर कानाला फोन, पलीकडे ऑफिसचे साहेब, ‘हो सर, रिपोर्ट पाठवते,’ आणि इकडे पायानं फडकं फिरवतेय! मी उभ्या हयातीत मोठमोठे न्यायाधीश पाहिले, पण दिवसभर तोच निकाल त्याच आवाजात देणारा एकही पाहिला नाही. जेवणानंतर सगळ्यांचाच आवाज चढतो.

आणि एक दिवस पॉटीत टपटप आवाज झाला! चिरंजीव उत्साहात टाळ्या वाजवायला लागले, तर मुकादमनं तिथूनच हात वर केला, ‘थांब! झाल्यावर!’ तेव्हापासून नियम ठरला. टाळ्या झाल्यावर. आधी नाही.

बरं, नियम काय एकटीपुरता? छे! पार्सलवाला आला, ‘तुला आली?’ तो बिचारा गडबडला, ‘नाही ताई.’ शेजारच्या काकू आल्या, ‘काकू, आली की सांगायचं. लाजायचं नाही.’ काकू दोन दिवस फिरकल्या नाहीत.

आता... माझं सांगतो. कुठं बोलू नका. आमची ही गेल्यापासून मी घराबाहेर पडणं सोडलं. वर्ष झालं. विचारलं की म्हणतो, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत आहे! दुखणं गुडघ्याच्या बरंच वर आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या घ्या. गोळ्या घेतो, पण आली म्हणजे आली, ती काही साहेब उठायची वाट बघत नाही. एकदा औषधाच्या दुकानात विचारून पाहिलं. ‘आमच्याकडे सोय नाही हो काका.’ चारचौघांत! कसा घरी पोचलो ते माझं मला ठाऊक. त्यानंतर नाहीच गेलो कुठं.

आणि आमच्या हिचा फोटो फ्रेम करून आणायचा होता. पोराला मीच बजावलं होतं, ‘ते काम माझं. तुम्ही हात लावायचा नाही.’ फ्रेमवाला बाजाराच्या पार पलीकडच्या टोकाला. फोटो वर्षभर कपाटात, शर्टांच्या घडीत. पोराला वाटायचं, बाबांना बघवत नाही. नजर चुकवून निघून जायचा. आता त्याला काय सांगू?

ही असताना कधी अडलं नाही, कारण हिलाच सवय होती. कुठल्याही दुकानात शिरलो की पाच मिनिटांत, ‘अहो, मला जरा जायचंय, विचारते हं.’ आणि विचारायचीही, बिनधास्त. जाऊन आली की मला म्हणायची, ‘तुम्हीपण जाऊन या, आलोच आहोत तर.’ मग मी जायचो. तिच्यावर उपकार केल्यासारखा! वर पाहुण्यांत चेष्टा करायचो, ‘आमच्या हिची टाकी म्हणजे चमचा!’ ती हसायची.

तर एकदा सूनबाई म्हणाली, ‘बाबा, मुकादमला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणता? बाहेरची सवय व्हायला हवी.’ नाही कसं म्हणणार? निघालो. पोचलो त्याच औषधाच्या दुकानाशी, आणि मुकादम मधोमध उभी राहून ओरडली, ‘आली!’ अहो, काय चमत्कार सांगू! तोच माणूस, तेच दुकान, ‘अरे अरे, बाळाला जायचंय? या या, आत आहे ना!’ फळी उचलली, खोकल्याच्या औषधाची खोकी सरकवली, आत दिवा, साबण, टॉवेल! वर्षभर ही सोय काय रजेवर होती? तिचं झालं. म्हटलं, आलोच आहोत तर...

मग काय, रस्ता सापडला! ‘बाळाला जायचंय’ म्हटलं की बँकेचं आतलं दार उघडतं. चपलांच्या दुकानात मालक स्वतः किल्ली घेऊन पुढं. बाळाला आली असो नसो! घरी सूनबाई म्हणते, ‘बाबा, तुमचा गुडघा बरा दिसतोय.’ म्हटलं, चालण्यानं सुटतो.

आणि एक दिवस शर्टांच्या घडीतून फोटो काढला. मुकादमला बूट घातले. गेलो फ्रेमवाल्याकडे.

छोटं दुकान. भिंतभर पट्ट्यांचे तुकडे टांगलेले, सोनेरी, काळे, लाकडी. सरसाचा वास. फ्रेमवाल्याच्या कानावर पेन्सिल. शेजारी एक टायवाले गृहस्थ, कसलंतरी प्रमाणपत्र घेऊन, चेहऱ्यावर बारा वाजलेले. फ्रेमवाल्यानं फोटो काचेवर ठेवला, पट्टी लावून बघितली, ही नको, ती बघू, थोडी रुंद घेऊ... आणि मला आली. नेहमीसारखी. नोटीस न देता! मी सराईतपणे म्हटलं, ‘अहो, बाळाला जरा जायचंय.’

मुकादम स्टुलावर बसली होती. तिथूनच म्हणाली, ‘मला नाही आली.’

‘आलीय गं, आलीय.’

‘नाही! मला नाही आली! आबांना आलीय!’

टायवाले माझ्याकडे बघतायत. मी कुठं बघू? खाली बघितलं, तर काचेवर फोटो. ही हसतेय. आणि ते वाक्य कानात तसंच... मला नाही आली.

तिलाही आलेली नसायची हो.

एवढ्या दुकानांत. एवढी वर्षं. आणि चमच्याची चेष्टा मी करत होतो... एकदा तरी बोलायचं. नाही बोलली.

‘आबा,’ स्टुलावरून निकाल आला, आवाज अगदी आईचा, ‘जा ना. लाजायचं नाही.’

मी मान वर केली. म्हटलं, ‘मला जायचंय. मलाच.’

‘मग जा की काका!’ फ्रेमवाला पट्टीवरून नजरही न काढता म्हणाला, ‘सरळ जा, डावीकडे. दिव्याचं बटण बाहेर आहे.’ बस्स. वर्षभर ज्याला भीत होतो, ते एवढंच होतं!

बाहेर आलो तर टाळ्या. मुकादमच्या तर होत्याच, फ्रेमवाल्यानंही पट्टी खाली ठेवून वाजवल्या. टायवाल्यांनीही वाजवल्या, आणि मग खाकरून मुकादमलाच म्हणाले, ‘मी... जरा जाऊन येऊ?’ ‘आली?’ ‘हो.’ ‘जा.’

फोटो आता भिंतीवर आहे. पोरगा त्याच्यासमोर उभा राहून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, ‘बाबा, छान झालंय.’ मुकादम पक्की तयार झाली, बदक माळ्यावर गेलं, माझी खुर्ची परत आली. फ्रिजवर तिचा तक्ता होता, वेळेवर सांगितलं की एक स्टिकर, तो भरला म्हणून काढला. माझा चालू आहे! सूनबाईनं एका शब्दानं काही विचारलं नाही. फक्त मी चपला घालायला लागलो की आतून आवाज येतो, तोच, न चढलेला, ‘बाबा, निघायच्या आधी...’

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस बोलता बोलता मघापासून पाय का बदलतोय. बरोबर ओळखलंत. मला आलीय. सांगितलं. तुम्ही बसा, मी आलोच...

अहं! टाळ्या आत्ता नाही. झाल्यावर.